डावा गाल सासूबाईंचा

माझ्या तोंडावर पुटकुळ्या आल्या तेव्हा मी दहावीत होते, आणि घरात सगळ्यांना माझ्या तोंडापेक्षा आत्याच्या पिठाची काळजी जास्त पडली होती. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या गावातल्या झाडून साऱ्या नवऱ्या लग्नाआधी त्या पिठानं तोंड धुऊन बोहल्यावर चढल्या होत्या. त्याच पिठानं रोज तोंड धुणाऱ्या घरच्या पोरीचे गाल मात्र भरून यावेत, हे कुणालाच पटेना. आई म्हणायची, मी चोरून भुईमुगाच्या शेंगा खाते. खायचेही, पण ती गोष्ट वेगळी.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिला राहात्याकडे दिली होती. पाच वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि एका सकाळी आत्याला बैलगाडीत घालून आमच्याकडे आणून सोडलं. भांडीकुंडी, दागदागिने, सगळं तिकडंच राहिलं. निघताना गाडीपर्यंत आली ती एकटी सासू. मुलाला अडवायची त्या बाईची ताकद नव्हती. तिनं आत्याच्या पदरात तोंड धुवायच्या पिठाची एक पुरचुंडी बांधली, त्यात काय काय आणि किती किती पडतं ते कानात सांगितलं, आणि म्हणाली, "एवढं घिऊन जा बाई. हे तुज्याकडनं कुनी हिसकून घ्यायचं न्हाई."

हे मला आत्यानं इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या न पाहिलेल्या म्हातारीचा आवाजसुद्धा मला ओळखीचा वाटायचा.

तर ते पीठ. मसुराची डाळ, थोडी हरभऱ्याची, आंबेहळद, नागरमोथा, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या आणि संत्र्याची सालं. सालं राहात्याच्या बागांमधली. तिकडून कुणी आलं की आत्यासाठी पिशवीभर घेऊन यायचं. सगळं सावलीत वाळवायचं, जात्यावर बारीक दळायचं, वस्त्रगाळ करायचं आणि तोंडाला लावताना दुधाच्या सायीत कालवायचं. डबा उघडला की ओटीवर बसलेल्या माणसालाही वास जायचा. दळायला बसली की आत्या पहिली मूठ हातात धरून म्हणायची, "ही सासूबाईंची," आणि मग ती जात्यात टाकायची. कुणी पिठाची तारीफ केली तर तिचं उत्तर ठरलेलं, "सासूबाईंचं हाय त्ये. माजं काय त्यात?"

मला त्याचा राग यायचा. मला तेव्हा बऱ्याच गोष्टींचा राग यायचा, पण याचा जरा जास्तच. आत्याचं अंथरूण भावाचं, लुगडं वहिनीचं, पीठ सासूचं. डोकं दुखलं तरी ती "डोकं दुखतंय" म्हणायची, "माझं डोकं" म्हणायची नाही. आणि ज्या बायका पीठ न्यायला यायच्या त्या मागच्या दारानं यायच्या. टाकलेल्या बाईच्या हातचं पीठ चालायचं, ती बाई हळदीच्या मांडवात चालायची नाही. आत्या डबा भरून द्यायची, नवरीला आशीर्वाद सांगा म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. मी फणफणत बसायचे. आई म्हणायची, "वन्सं गप हाईत, मंग तुला गं कशाच्या झोंबत्यात मिरच्या?"

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्याकडे आधी दूध गेलं, कारण म्हैस घोडेगावच्या बाजारात गेली. मग राहात्याकडच्या बागा वाळल्या आणि सालं यायची थांबली. डाळ दुकानात होती थोडीफार, पण आत्यानं स्वतःच डब्याला झाकण लावलं. तिनं नियमच केला, "जे मानसाच्या पोटात जातं ते यंदा गालाला लावायचं न्हाई." खायला रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीची, लाल मिलोची भाकरी होती, तीही मोजून. त्या दिवसांत डाळ तोंडाला फासायची म्हणजे पाप, असं तिला मनापासून वाटलं आणि मला तेव्हा ते बरोबरच वाटलं.

शेजारच्या गावाच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं होतं. वडील, आई आणि आत्या रोज जायचे, शाळेला सुट्टी असली की मीही जायचे. घरी येईपर्यंत आम्हा सगळ्यांच्या भुवया, पापण्या, कान एकाच रंगाचे झालेले असायचे. पाणी एक तांब्या मिळायचं. त्यात तोंड धुतलं की धूळ निम्मी निघायची आणि निम्मी बसायची.

दुष्काळ असला तरी लग्नं थांबत नव्हती. पाहुण्यांची संख्या आणि जेवण आटलं एवढंच. फाल्गुनात गावातली एक बाई मागच्या दारानं आली, पोरीचं लग्न ठरलंय म्हणाली. आत्याकडे द्यायला काही नव्हतं. ती बाई रिकाम्या हातानं निघून गेली. आत्या मात्र त्या दिवशी जेवली नाही. पीठ मागायला येणाऱ्या बायका हीच तिची गावात असलेली ओळख होती, आणि ती ओळख तिच्या हातातून चालली होती. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या शोधाला लागली. तलावाच्या खोदाईत दोन-अडीच पुरुष खोलीवर पांढुरकी, लोण्यासारखी मऊ माती लागली होती. कामावरच्या बायका तिनं केस धुवायच्या. आत्यानं ती पदरात बांधून घरी आणली, पाण्यात कालवली, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून तळाशी बसेल तेवढी मऊ माती वाळवली. कडुनिंबाचा पाला शेळ्यांच्या तोंडून उरला होता तेवढा ओरबाडून सावलीत पसरला. जुन्या डब्याच्या तळाशी आंबेहळदीचे चार तुकडे आणि थोडा नागरमोथा होता. झालं तिचं साहित्य.

आणि इथं तिनं घोटाळा केला. इतकी वर्षं पीठ घरच्या जात्यावर दळायची सवय. त्यात डाळ असायची, त्यामुळे जात्याला काही होत नव्हतं. त्याच सवयीनं तिनं वाळलेला कडुनिंब घरच्या एकुलत्या एक जात्यात घातला आणि चांगला मैद्यासारखा दळला. दुसऱ्या दिवशी आईनं त्याच जात्यावर मिलो दळली.

ती भाकरी मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या घासाला वडिलांनी डोळे मिटले. मला वाटलं मिलोच खराब आली. आईनं एक तुकडा तोंडात टाकला, थुंकला आणि तिला एकदम सगळं उमगलं.

"वन्सं," आई म्हणाली, "आता पोरांनी तोंड धुवायचं का खायचं, त्ये तरी सांगा!"

वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे. रगात साफ हुतंय."

जातं दोनदा झाडलं, कोंडा दळला, तरी आठ दिवस भाकरीला कडवट चव होती. दळलेलं टाकून द्यायची सोय नव्हती. आत्यानं पहिल्या दिवसाचं सगळं पीठ स्वतःच्या वाट्याला घेतलं आणि चार दिवस तेच खाल्लं. आईनं नको नको म्हटलं तर म्हणाली, "न्हाई वैनी. चूक माजी हाय."

मी चुलीपुढं बसले होते. आत्यानं कशाला 'माझं' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तिनं स्वतःच्या नावावर काय घेतलं, तर चूक. मला इतका राग आला की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून बाहेर गेले.

नवं पीठ जुन्यापुढं अगदीच दरिद्री होतं. रंग शेवाळी, वास काढ्याचा. सायीच्या जागी नुसतं पाणी. जुनं पीठ बोटांखाली मऊ सरकायचं, धुतल्यावर गालावर तुकतुकी राहायची आणि दुपारपर्यंत संत्र्याचा वास यायचा. हे लावलं की भिंत सारवल्यासारखं वाटायचं. वाळताना तोंड असं ओढायचं की हसायची चोरी. पण धुळीला त्यानं बरोबर धरलं. अर्ध्या तांब्यात तोंड स्वच्छ निघायचं, आणि जुन्या पिठाला तर सायीचा ओशटपणा काढायलाच तेवढं पाणी लागलं असतं. कामावरच्या बायका ते मागून न्यायला लागल्या. आत्या द्यायची, पण ओशाळून. "कामचलाऊ हाय बाई. सुगी आली की खरं देईन." ते करताना तिनं पहिली मूठ कधी कुणाच्या नावानं टाकली नाही. सासूबाईंचं नाव असल्या वस्तूला द्यायचं तिच्या जिवावर आलं असणार.

दीड-दोन महिन्यांत माझे गाल साफ झाले. आधी पुटकुळ्या सुकल्या, मग डाग फिके झाले. फुटक्या आरशात मी स्वतःला बघत बसायचे, लाज सोडून. आत्यालाही दिसलं. ती म्हणाली, "शेंगाच न्हाईत यंदा, म्हनून."

पुढच्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं. तलाव भरला आणि ती पांढरी माती पाण्याखाली गेली. तिच्यासाठी कुणीही रडलं नाही. दिवाळीच्या सुमारास शेजाऱ्यांची गाय व्याली, राहात्याकडून सालांची पहिली पिशवी आली, दुकानातून मसूर आला. आत्यानं जातं धुऊन पुसून घेतलं, मूठ धरली, "ही सासूबाईंची," म्हणाली आणि दळायला बसली. वर्षभरानं तिचा चेहरा तसा पाहिला. हरवलेलं माणूस घरी आल्यासारखी ती वागत होती. पहिला हात तिनं माझ्याच तोंडाला लावला, सायीत कालवून, तिच्या बोटांनी. नको म्हणायची माझी टाप नव्हती.

आठ दिवसांत पुटकुळ्या परत. तेव्हा शेंगा भरपूर होत्या हे खरं, आणि आईनं ते लगेच बोलूनही दाखवलं.

मी तेव्हा अकरावीत होते, मॅट्रिकचं वर्ष. आमचे शास्त्राचे सर सांगायचे, दोन गोष्टी ताडून बघायच्या असतील तर बाकी सगळं सारखं ठेवा आणि एकच गोष्ट बदला. शाळेत त्यासाठी दोन कुंड्या होत्या. मला दोन गाल होते. आत्यानं अडगळीत टाकलेला शेवाळी पिठाचा डबा मी कधीच लपवून ठेवला होता. रोज सकाळी न्हाणीत जाऊन डाव्या गालाला सासूबाईंचं पीठ लावायचं, उजव्याला दुष्काळातलं. शेंगा मी दोन्ही गालांसाठी सारख्याच खात होते.

तीन आठवड्यांत माझं तोंड दोन घरचं दिसायला लागलं. शाळेत मी डाव्या हाताला भिंत येईल अशी जागा धरली. घरी आत्यापुढं उजवी बाजू करून उभी राहायचे. पण जी बाई रोज आपली वेणी घालते तिच्यापासून किती दिवस लपवणार? एका रविवारी तिनं माझी हनुवटी धरून तोंड इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं.

"ह्या एकाच गालानं काय पाप केलंय गं?"

खोटं बोलायचं मनात होतं. जिभेवर मात्र भलतंच आलं. "त्यो डावा गाल सासूबाईंचा हाय," मी म्हणाले, "आनि उजवा तुजा."

मग सगळं सांगितलं. डबा, न्हाणी, सर, कुंड्या. आत्याचा हात वेणीतच थांबला. तिनं उरलेली वेणी घातली, रिबन बांधली आणि गोठ्याकडे निघून गेली.

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मला जेवण जाईना. तिच्याकडे सासरची ही एकच गोष्ट होती, जी कुणी हिसकून घेणार नाही असं त्या म्हातारीनं सांगितलं होतं. आणि ती हिसकून घ्यायला मी निघाले होते, एका गालासाठी. पुटकुळ्यांचं काय, आज ना उद्या गेल्या असत्या. मला माझ्या तोंडाची, माझ्या शास्त्राची आणि सगळ्यात जास्त माझ्या जिभेची लाज वाटली.

आठवडाभरानं सकाळी मी अभ्यासाला बसले होते, तर आत्या पुढ्यात येऊन बसली आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "बघ."

मी बघितलं. तिचा डावा गाल मऊ, तुकतुकीत होता. उजव्या गालावर थंडीनं पडतात तसल्या पांढऱ्या चिरा होत्या, कोपऱ्याला कातडी सोललेली. तिनंही न्हाणीत जाऊन तेच केलं होतं! मला हसू आवरेना. तीही हसली, पण उजवीकडून हसताना तिला दुखलं.

"ह्या तोंडाला सासूबाईंचंच बरं," ती म्हणाली. "त्यांनी बनीवलं तवा त्याबी म्हाताऱ्याच आसतील. आनि तुज्या तोंडाला तूप पाजायची गरज न्हाई, आदीच उतू चाललंय. तू खोटं न्हाई बोलली."

इतकं सोपं होतं ते. कोरड्या कातडीला, थंडीला, पिकल्या वयाला जुनं. तरण्या, तेलकट तोंडाला आणि धुळीला नवं. मला वाटत होतं एकानं दुसऱ्याला घराबाहेर काढावं लागेल. आत्याच्या सासरी तसं झालं होतं, म्हणून असेल.

मग ती डबा हातात फिरवत राहिली. "पर ह्ये म्हनायचं कुनाचं? लोक इचारतील."

"तुजं," मी म्हणाले.

"माजं काय त्यात? माती गावाची, निंब देवाचा."

माझं डोकं फिरलं. वर्षभर पोटात धरलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. "भाकरी कडू झाली तवा म्हनालीस, चूक माजी. चार दिस कडू खाल्लंस. तवा न्हाई म्हनालीस, निंब देवाचा हाय, देवालाच खाऊ घाला! वाईट झालं ते तुजं, मंग चांगलं झालं ते कुनाचं गं?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. ओटीवर वडील दोरखंड वळत बसले होते, त्यांचेही हात थांबले.  "लई बोलतीस," एवढं म्हणून ती उठली.

पुढच्या शुक्रवारी वडील घोडेगावच्या बाजाराला गेले. विकलेल्या म्हशीच्या जागी गाय आणायची होती, आणि ती त्यांनी आणलीही, तांबडी, शिंगं पुढं वळलेली. गाय गाडीमागं बांधलेली आणि गाडीत गवताखाली काहीतरी जड. वडिलांनी एकट्यानं ते उतरवलं आणि ओसरीत आत्यापुढं ठेवलं. पाथरवटाकडून घेतलेलं एक लहानसं नवं जातं.

"आक्का, ह्ये तुजं," वडील म्हणाले. "आमाला भाकरी तरी गोड खाऊ दे."

आई तोंडाला पदर लावून हसली. आत्या जात्याभोवती दोनदा फिरली. नव्या जात्याची कच काढायला आधी कोंडा दळावा लागतो, तो तिनं सलग दोन दिवस दळला. मातीची अडचण होती, तलाव भरलेला. पण शेजाऱ्यांनी उन्हाळ्यात विहीर खोल नेली होती. तिच्या काठावर पडलेल्या ढिगात आत्याला तीच पांढरी माती सापडली, पावसानं धुऊन आणखी मऊ झालेली.

पीठ दळायच्या दिवशी मागच्या दारानं एक बाई आली. गेल्या फाल्गुनात रिकाम्या हातानं गेलेली तीच. तिच्या धाकट्या पोरीचं लग्न ठरलं होतं आणि पोरीची गत माझ्यासारखीच होती, दोन्ही गाल भरलेले. आईनं तिला आत बोलावलं आणि ओसरीत पाट दिला. ती बसली. आत्यानं वाळलेल्या पाल्याची पहिली मूठ भरली, आणि सवयीनं तिचे ओठ हलले. मग ती थांबली.

ती बाई म्हणाली, "टाका की. कुनाच्या नावाची मूठ?"

आत्या त्या नव्या कोऱ्या दगडाकडे बघत होती. मी तिच्या शेजारी मातीची चाळणी घेऊन बसले होते आणि एकदा तरी माझी जीभ माझ्या ताब्यात होती. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी बोलू नये म्हणून की कशासाठी, कुणास ठाऊक.

"माजी," आत्या म्हणाली. इतक्या हळू की पाटावरच्या बाईला ऐकू गेलं नसावं.  कुणी हसलं नाही, कुणी हरकत घेतली नाही. तेव्हा आत्यानं मान वर केली, आम्हा तिघींकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "ही माजी मूठ हाय." मग तिनं ती जात्यात टाकली आणि खुंटा ओढला.